सॉफ्टवेअरविषयीची मते आणि ऑनलाइन समूहातील वागणूक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सॉफ्टवेअर वापरणाऱ्या प्रत्येकाचे त्याविषयी काही ना काही मत असतेच. हे मत आता बहुधा अशा ठिकाणी मांडले जाते, जिथे ते सॉफ्टवेअर बनवणारे, वर्षानुवर्षे सांभाळणारे आणि कालपासून वापरू लागलेले असे सगळेच एकत्र वाचत असतात. त्यामुळे काय म्हटले याइतकेच ते कसे म्हटले यालाही महत्त्व येते. कारण पुढचा माणूस मदत करील की निघून जाईल, हे बऱ्याचदा त्यावरच ठरते. या दोन्ही बाबींविषयी नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत.

दोन प्रोग्रॅमपैकी चांगला कोणता, असे विचारले की प्रत्येक जण वेगळे सांगतो. मग कोणाचे खरे मानायचे?

बहुतेक वेळा सगळ्यांचेच खरे असते, कारण प्रत्येक जण आपापल्या कामाविषयी बोलत असतो. व्हीआय आणि ईमॅक्स हे दोन टेक्स्ट एडिटर (मजकूर किंवा प्रोग्रॅम लिहिण्याची साधने) १९७६ च्या सुमारास तयार झाले आणि त्यांत श्रेष्ठ कोणता, हा वाद आजतागायत मिटलेला नाही. दूरच्या सर्व्हरवर लॉगइन करून दोन ओळी बदलायच्या आणि लगेच बाहेर पडायचे, अशी एकाची गरज असते. दुसरा दिवसभर त्याच खिडकीत बसून प्रोग्रॅम लिहितो, नोंदी ठेवतो आणि ईमेलही वाचतो. या दोघांना एकच एडिटर सारखाच सोयीचा वाटावा, अशी अपेक्षाच चुकीची आहे. शिवाय अनेक वर्षांच्या सरावाने बोटांना जे वळण लागलेले असते, ते आपल्याला त्या प्रोग्रॅमचाच गुण वाटू लागते.

म्हणून कोणाचेही मत वाचताना हा माणूस कोणते काम करतो, कोणत्या यंत्रावर करतो आणि कोणत्या आवृत्तीविषयी बोलतो आहे, हे आधी पाहावे. ‘हा प्रोग्रॅम भिकार आहे’ या वाक्यातून वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. ‘दोनशे पानांच्या फाइलमध्ये तळटीप टाकली की कर्सर दर वेळी पहिल्या पानावर जातो’ या वाक्यातून मात्र तशाच फाइलवर काम करणाऱ्याला निर्णय घेता येतो आणि डेव्हलपरला दोष शोधता येतो. नावड दोन्ही वाक्यांत आहे, पण दुसऱ्या वाक्यात ती ज्या अनुभवातून आली तो अनुभवही आहे.

मला प्रोग्रॅमिंग येत नाही. तरीही मी सॉफ्टवेअरवर टीका करू शकतो का?

अवश्य करावी. बनवणाऱ्याला आपल्या प्रोग्रॅममधली प्रत्येक वाट पाठ असते, त्यामुळे नव्या माणसाची वाट कुठे चुकते हे त्याला सहसा दिसत नाही. एखादे बटण सापडले नाही, एखादा संदेश वाचून भीती वाटली, फाइल जतन झाली की नाही हे कळले नाही, या गोष्टी वापरणाऱ्यानेच सांगायच्या असतात आणि त्यासाठी कोणतीही पात्रता लागत नाही.

एक पथ्य मात्र पाळावे. एखादी सोय देणे किती सोपे आहे, याचा अंदाज आपण जाहीरपणे बांधू नये. वरवर एका बटणाचा वाटणारा बदल करताना जुन्या फाइली उघडतील ना, स्क्रीन रीडर वापरणाऱ्या दृष्टिहीनांना ते बटण कळेल ना, उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषांमध्ये ते योग्य जागी येईल ना, हे सगळे तपासावे लागते. ‘पाच मिनिटांचे तर काम आहे’ असे लिहिल्याने काम लवकर होत नाही, उलट ते करू शकणारा माणूस दुखावला जातो.

अपडेटनंतर सगळ्या बटणांच्या जागा बदलल्या. यावर लोक चिडतात, तो राग योग्य आहे का?

माझ्या मते तो बराचसा योग्य आहे, आणि ‘लोकांना बदल नकोच असतो’ असे म्हणून तो झटकून टाकणे अन्यायाचे आहे. रोज वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रॅममध्ये माणूस बटणे वाचत नाही. हात आपोआप त्या जागी जातो. जागा बदलली की हे कमावलेले कौशल्य एका रात्रीत निरुपयोगी होते, आणि तो बदल माणसाने मागितलेला नसतो. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ मधून डेस्कटॉपवरचे स्टार्ट बटण काढून टाकण्यात आले होते. वापरकर्त्यांनी इतकी नाराजी व्यक्त केली की पुढच्याच वर्षी विंडोज ८.१ मध्ये ते बटण परत आले. म्हणजे टीकेचा उपयोग होतो.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या २००७ च्या आवृत्तीत जुने मेनू जाऊन रिबन, म्हणजे वरच्या बाजूची बटणांची पट्टी, आली, तेव्हाही मोठा आरडाओरडा झाला होता. पुढे तीच मांडणी रुळली आणि आज अनेकांना दुसरी आठवतही नाही. तेव्हा नवी मांडणी पाहिल्या दिवशी जे वाटते ते लिहून ठेवावे, काही आठवडे काम करावे आणि त्यानंतरही जे खुपत राहील ते सविस्तर कळवावे. पहिल्या दिवसाचा राग सवयीमुळेही आलेला असू शकतो. महिन्याभराने उरलेल्या तक्रारीची दखल मात्र घेतलीच पाहिजे.

मग अपडेट करायचेच टाळले तर?

सुरक्षेचे अपडेट टाळू नये. दोष दुरुस्त झाल्याची बातमी हल्लेखोरही वाचतात आणि ज्यांनी दुरुस्ती बसवलेली नाही अशी यंत्रे शोधत फिरतात. जिथे सुरक्षेच्या दुरुस्त्या आणि नवी वैशिष्ट्ये वेगळी मिळतात, तिथे दीर्घकाळ पाठबळ असलेली आवृत्ती निवडावी, म्हणजे दुरुस्त्या येत राहतात आणि मांडणी फारशी हलत नाही. मोठ्या बदलाआधी बॅकअप घ्यावा, हे वेगळे सांगायला नको.

जे सॉफ्टवेअर मला विनामूल्य मिळाले, त्याविषयी तक्रार करण्याचा मला अधिकार आहे का?

दोष कळवण्याचा अधिकार आहे; तो अमुक दिवसांत दुरुस्त व्हावा असा हट्ट धरण्याचा अधिकार नाही. ही रेषा पुष्कळांच्या ध्यानात येत नाही, म्हणून याचे उत्तर जरा विस्ताराने देतो.

आपण रोज ज्यांवर अवलंबून असतो असे अनेक प्रोग्रॅम मूठभर माणसे सांभाळतात, आणि तेही पुष्कळदा नोकरी करून उरलेल्या वेळात. इंटरनेटवरच्या असंख्य संकेतस्थळांचे संदेश गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या प्रोग्रॅममध्ये एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड हा गंभीर दोष उघड झाला, तेव्हा त्यावर पूर्णवेळ काम करणारा जेमतेम एक माणूस होता, हे जगाला कळले. दोष गंभीर होता यात शंका नाही. पण त्या एका माणसाला शिव्या घालून काहीही साधणार नव्हते.

याहून बोलके उदाहरण एक्सझेड युटिल्सचे आहे. फाइली लहान करण्याचा हा साधासा प्रोग्रॅम लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या जवळजवळ प्रत्येक वितरणात (तयार संचात) असतो आणि तो अनेक वर्षे मुख्यत्वे एकच स्वयंसेवक सांभाळत होता. २०२२ मध्ये प्रकल्पाच्या चर्चेत काही खात्यांवरून त्याच्यावर दबाव येऊ लागला : पॅच (इतरांनी पाठवलेले दुरुस्तीचे बदल) इतके दिवस का रखडले आहेत, तुम्हाला रस उरला नसेल तर दुसऱ्याच्या हाती सोपवा, अशी ती भाषा होती. हे काम आपण विनावेतन, छंद म्हणून करतो, असे त्याने उत्तर दिले. त्याच काळात चिकाटीने आणि गोड बोलून मदत करणाऱ्या एका खात्याला हळूहळू प्रकल्पाचे अधिकार मिळाले, आणि २०२४ च्या सुरुवातीला ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये त्याच खात्याने चोरवाट (परक्याला यंत्रात गुपचूप शिरता यावे अशी छुपी सोय) बसवली. दबाव आणणारी खातीही त्याच कटाचा भाग असावीत, असे मानले जाते. मार्च २०२४ मध्ये आन्द्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरला दूरच्या यंत्रावर लॉगइन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले. त्याने चिकाटीने कारण शोधले आणि चोरवाट सगळीकडे पसरण्याआधीच उघडकीस आली.

मला या प्रकरणात सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही वाटते की ते दबावाचे संदेश कोणालाही वेगळे वाटले नाहीत. तशी भाषा अनेक प्रकल्पांच्या चर्चेत रोज वाचायला मिळते, म्हणूनच हल्लेखोरांना तिच्या आड लपता आले. स्वयंसेवकाशी सभ्यपणे बोलणे हा केवळ शिष्टाचाराचा भाग आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हे प्रकरण मुळातून समजून घ्यावे.

सामान्य वापरकर्ता अशा प्रकल्पांसाठी काय करू शकतो?

पुष्कळ काही. दोष नीट नोंदवणे, दुसऱ्याने नोंदवलेला दोष आपल्या यंत्रावर पडताळून पाहणे, माहितीपुस्तिकेतील चुकीचे वाक्य सुधारणे, भाषांतर करणे, नवख्यांच्या प्रश्नांना उत्तरे देणे, आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी थोडी देणगी देणे. जो प्रोग्रॅम आपण वर्षभर विनातक्रार वापरला, त्याच्याविषयी दोन ओळी आभाराच्या लिहाव्यात. सांभाळणाऱ्याकडे एरवी फक्त तक्रारीच पोहोचतात.

मदत मागताना प्रश्न कसा लिहावा?

उत्तर देणाऱ्याला आपल्या यंत्रासमोर बसता येत नाही, हे लक्षात ठेवून लिहावे. ‘प्रिंट होत नाही, तातडीने मदत करा’ हा प्रश्न रोज विचारला जातो आणि त्याला उत्तर मिळत नाही, कारण उत्तर देणाऱ्याने आधी दहा प्रश्न विचारावेत असाच तो लिहिलेला असतो. तोच प्रश्न असा लिहून पाहावा :

‘कालपर्यंत प्रिंट व्यवस्थित येत होती. आज सिस्टिम अपडेट झाल्यापासून फक्त पीडीएफ फाइलचे कोरे पान बाहेर पडते. वर्ड प्रोसेसरमधून पाठवलेली पाने नीट छापली जातात. प्रिंटर बंद करून चालू केला, तो काढून पुन्हा जोडला, दुसऱ्या पीडीएफ रीडरमधून पाठवून पाहिले. फरक पडला नाही. सिस्टिमची आणि दोन्ही रीडरची आवृत्ती खाली देत आहे. स्क्रीनवर कोणताही एरर मेसेज येत नाही.’

हे वाचताच जाणकाराला कळते की प्रिंटर आणि केबल ठीक आहेत, अपडेटचा संबंध आहे आणि दोष पीडीएफच्या वाटेवर कुठेतरी आहे. काय करत होतो, काय व्हायला हवे होते, प्रत्यक्षात काय झाले आणि आपण काय करून पाहिले, या चार गोष्टी आल्या की प्रश्नाचे निम्मे काम होते. अनेकदा हे सगळे लिहून काढताना उत्तर आपल्यालाच सापडते.

आणखी एक खबरदारी घ्यावी. मूळ अडचण न सांगता आपल्याला सुचलेल्या उपायाविषयीच विचारण्याची चूक फार होते. ‘फाइलच्या नावातील शेवटची तीन अक्षरे कशी काढायची?’ असे कोणी विचारतो, आणि बऱ्याच चर्चेनंतर कळते की त्याला फाइलचा प्रकार ओळखायचा होता. तो प्रकार दर्शवणारा भाग नेहमी तीन अक्षरांचा नसतोच. म्हणून आपल्याला शेवटी काय साधायचे आहे, ते पहिल्याच परिच्छेदात लिहावे.

एरर मेसेजचा फोटो टाकला तर चालतो का?

शक्यतो मजकूरच चिकटवावा. मजकूर शोधता येतो, कॉपी करता येतो आणि स्क्रीन रीडरला वाचता येतो. मांडणीतील दोष दाखवायचा असेल तेव्हा स्क्रीनशॉट जरूर द्यावा, पण त्यात आपला ईमेल पत्ता, पासवर्ड किंवा इतरांची नावे दिसत नाहीत ना, हे आधी तपासावे.

नवे लोक तेच ते प्रश्न विचारतात. त्यांना ‘आधी शोधा’ असे सांगण्यात काय चूक आहे?

नवख्यांविषयीची ही तक्रार फार जुनी आहे. १९७९ मध्ये कल्पना सुचून १९८० मध्ये सुरू झालेल्या युजनेट या ऑनलाइन चर्चांच्या जाळ्यावर दर सप्टेंबरमध्ये विद्यापीठांतले नवे विद्यार्थी येत, काही आठवडे गोंधळ होई आणि मग ते तिथल्या रीतींना सरावत. १९९३ पासून व्यावसायिक सेवांमार्फत सामान्य ग्राहक येऊ लागले, ओघ वर्षभर चालू राहिला, आणि जुन्या मंडळींनी त्या काळाला ‘न संपणारा सप्टेंबर’ असे नाव दिले. त्या नावातला त्रागा मला समजतो. पण येणारे लोक थांबणार नव्हतेच. प्रश्न त्यांना सामावून कसे घ्यायचे हा होता, आणि तो आजही तसाच आहे.

नवख्याला काय शोधायचे तेच ठाऊक नसते. ज्या शब्दाने उत्तर सापडते तो शब्द त्याच्याकडे असता, तर त्याने बहुधा विचारलेच नसते. म्हणून ‘आधी शोधा’ असे म्हणताना निदान शोधायचा शब्द किंवा जुन्या चर्चेचा दुवा द्यावा, आणि तेवढाही वेळ नसेल तर उत्तर देऊ नये. दुसरे कोणी तरी देईल. कोरडे ‘गूगल करा’ लिहिण्याचा एक विचित्र परिणामही होतो : पुढे तोच प्रश्न कोणी सर्च इंजिनमध्ये टाकतो आणि त्याला सर्वांत वर हेच उत्तर मिळते.

विचारणाऱ्यानेही आपल्या बाजूने थोडे कष्ट घ्यावेत. समूहाचे नियम आणि वर चिकटवलेल्या पोस्ट वाचायला फार वेळ लागत नाही. ऑक्टोबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी १८५५ या इंटरनेट शिष्टाचाराच्या मार्गदर्शिकेत तर काही लिहिण्याआधी एक-दोन महिने नुसते वाचत राहण्याचा सल्ला आहे. इतका काळ आज कोणी थांबणार नाही, पण एखाद्या संध्याकाळी तिथल्या चर्चा वाचून काढल्या तरी बोलण्याची रीत समजते.

परखड बोलणे आणि उद्धटपणा यांत फरक कसा करायचा?

टीकेचा विषय पाहावा. ‘या फंक्शनमध्ये मेमरी मोकळी केलेली नाही, हा पॅच घेता येणार नाही’ हे परखड आहे आणि आवश्यकही आहे. ‘असा पॅच पाठवणाऱ्याने संगणकाला हात लावू नये’ यात तांत्रिक माहिती काहीच नाही, फक्त अपमान आहे. अपमान काढून टाकल्यावर वाक्यात काहीच उरत नसेल, तर ते वाक्य लिहायलाच नको होते.

जोरदार तांत्रिक वाद समूहाला हवाच असतो. जानेवारी १९९२ मध्ये संगणकशास्त्राचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी लिनक्स कालबाह्य आहे असे जाहीरपणे लिहिले आणि लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी तडाखेबंद उत्तर दिले. मुद्दे खरे होते : ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा एकसंध असावा की लहान लहान भागांत विभागलेला, आणि ती एकाच प्रोसेसरला बांधलेली असावी का. टोरवाल्ड्स यांनी नंतर आपल्या सुराबद्दल माफी मागितली, मुद्दे मात्र सोडले नाहीत. ती चर्चा आजही वाचली जाते, कारण दोघेही ऑपरेटिंग सिस्टिमविषयी बोलत होते.

तेच टोरवाल्ड्स पुढे अनेक वर्षे कठोर ईमेलसाठी ओळखले गेले. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी आपल्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागून कामातून काही काळ रजा घेतली, आणि त्याच सुमारास लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, प्रकल्पाने नवी आचारसंहिता स्वीकारली. आचारसंहितेमुळे दर्जा घसरेल, अशी भीती तेव्हा पुष्कळांनी व्यक्त केली होती. कर्नलचे काम त्यानंतरही नेहमीच्या गतीने चालू आहे आणि पॅच आजही नाकारले जातात. नाकारण्याचे कारण सांगताना माणसाची लायकी काढायची गरज नसते.

रागाच्या भरात लिहिलेले उत्तर रात्रभर ठेवून सकाळी पाठवावे, असे वर उल्लेखिलेल्या मार्गदर्शिकेतच सांगितले आहे. हा सल्ला मी स्वतः पाळतो आणि इतरांनाही देतो. सकाळी त्या मसुद्यातला बराच भाग अनावश्यक वाटतो.

माझी पोस्ट मॉडरेटरने काढून टाकली. ही मुस्कटदाबी नव्हे का?

सहसा नसते. समूहाचा विषय ठरलेला असतो आणि तो राखणे हेच मॉडरेटरचे काम असते; तीच पोस्ट दुसरीकडे मांडण्याची वाट आपल्याला मोकळी असते. बहुतेक ठिकाणी हे कामही स्वयंसेवकच करतात, आणि जाहिराती, फसवणुकीचे दुवे व शिवीगाळ असा जो कचरा ते आपल्या नजरेस पडण्याआधीच उचलतात, त्याची आपल्याला कल्पनाही नसते.

तथापि मॉडरेटरही चुकतात, आणि काही ठिकाणी मर्जीही चालते. चांगल्या समूहात नियम लिहिलेले असतात, पोस्ट काढण्याचे कारण कळवले जाते आणि दाद मागण्याची सोय असते. कारण कळले नसेल तर खासगी संदेश पाठवून एकदा शांतपणे विचारावे. तीच पोस्ट पुन्हा पुन्हा टाकणे किंवा दुसऱ्या नावाने येऊन भांडणे, यामुळे आपली बाजू योग्य असली तरी ती ऐकून घेणारा कोणी उरत नाही. कारण सांगण्याची पद्धतच जिथे नाही असा समूह सोडून द्यावा.

टोपणनावाने लिहिणारे बेजबाबदार असतात का?

नाव झाकलेले असले की जीभ सैल सुटते, हे काही प्रमाणात खरे आहे. पण छळ, नोकरीवरचा दबाव किंवा कुटुंबाची सुरक्षा अशा कारणांनी अनेकांना टोपणनाव लागते, आणि वर्षानुवर्षे एकाच टोपणनावाने उत्तम उत्तरे देणाऱ्याची पतही खऱ्या नावाइतकीच असते. कोणाच्या टोपणनावामागची ओळख उघड करणे हा मात्र गंभीर अपराध मानावा, मग वादात तो माणूस कितीही चुकीचा असो.

कृत्रिम बुद्धिमत्तेकडून मिळालेले उत्तर समूहात चिकटवावे का?

स्वतः पडताळल्याशिवाय चिकटवू नये. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी खुले झाले आणि आठवड्याभरातच प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांचे संकेतस्थळ असलेल्या स्टॅक ओव्हरफ्लोने त्यातून तयार केलेल्या उत्तरांवर बंदी घातली. ही उत्तरे वाचायला बिनचूक वाटतात, पुष्कळदा चुकीची असतात आणि इतक्या वेगाने तयार होतात की तपासणारी माणसे पुरी पडत नाहीत, हे त्याचे कारण होते. कर्ल (इंटरनेटवरून माहिती आणण्या-पाठवण्याचे साधन) या प्रकल्पाच्या मुख्य डेव्हलपरनेही जानेवारी २०२४ मध्ये यंत्राने लिहिलेल्या खोट्या सुरक्षा-अहवालांविषयी जाहीर तक्रार केली. असा अहवाल तयार करायला क्षण पुरतो, तो खोटा आहे हे सिद्ध करायला मात्र जाणकाराचे तास खर्ची पडतात.

उत्तरात दिलेली आज्ञा स्वतःच्या यंत्रावर चालवून पाहिली, तिचा परिणाम समजला आणि ती कुठून मिळाली हे स्पष्ट लिहिले, तर हरकत घेण्याचे कारण नाही, अर्थात समूहाच्या नियमांनी त्याला मनाई केलेली नसेल तर. विचारणाऱ्याला यंत्राचेच मत हवे असते तर त्याने यंत्रालाच विचारले असते. तो समूहाकडे येतो तो ज्याने ते काम केले आहे अशा माणसाच्या शोधात.

माझी अडचण सुटली. आता समूहात काही लिहायला हवे का?

हो, आणि हे काम सर्वांत जास्त विसरले जाते. ‘सुटले, धन्यवाद’ एवढेच लिहून निघून गेलेल्यांच्या पोस्ट शोधताना वारंवार सापडतात, आणि तीच अडचण घेऊन आलेल्या माणसाला त्यांचा काडीचाही उपयोग होत नाही. नेमक्या कोणत्या बदलाने अडचण सुटली, कोणाच्या सूचनेने सुटली आणि कोणत्या आवृत्तीवर सुटली, हे तीन-चार वाक्यांत त्याच चर्चेत लिहावे, शीर्षकात ‘सुटले’ असे जोडण्याची सोय असेल तर जोडावे आणि योग्य उत्तरावर खूण करावी. उपाय आपला आपल्यालाच सापडला असेल, तरी तो तिथे लिहून ठेवावा. ज्यांनी वेळ देऊन विचार केला, त्यांनाही शेवटी दोष कुठे होता हे जाणून घ्यायचे असते.